हृदयाला रक्त कोण पुरवते? : धन्यवादित नील्स स्टेन्सन (१६३८-१६८६)



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना गेली काही वर्षे एक शब्द सारखा कानावर पडतो : ब्लॉकेज. कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली जाते, पिशवीतून रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी. फादरांना त्यातले काही कळत नाही हे सर्वांना ठाऊक असते, तरी ती फादरांच्या हातात दिली जातेच. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, वैद्यकशास्त्र नव्हे. त्यामुळे सीडी उलटसुलट करून मी परत देतो आणि प्रार्थनेला सुरुवात करतो. पण एक गोष्ट मात्र मला सांगता येईल. हृदय हा एक स्नायू आहे आणि रक्त तुटले की स्नायू थांबतो, हे ज्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले ते पुढे आपल्या ख्रिस्तसभेचे बिशप झाले. आज ते धन्यवादितांच्या मालिकेत आहेत. ५ डिसेंबर हा त्यांचा सण.

त्यांचे नाव नील्स स्टेन्सन. ग्रंथांत त्यांचे लॅटिन नाव येते, निकोलाउस स्टेनो. (हृदयात बसवतात त्या स्टेंटशी ह्या नावाचा काही संबंध नाही. ते नाव एका इंग्रज दंतवैद्यावरून आले असे सांगतात.)

नील्स ह्यांचा जन्म १६३८च्या जानेवारीत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. वडील सोनार होते आणि राजवाड्याची कामे करीत. घर ल्युथरन पंथाचे व धर्मनिष्ठ होते. तिसऱ्या वर्षी हा मुलगा आजारी पडला आणि सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ घरातच राहिला. बरोबरीची मुले बाहेर खेळत, हा आत मोठ्या माणसांच्या धर्मावरच्या गप्पा ऐकत बसे. आजारातून उठतो न उठतो तोच वडील वारले. पुढे १६५४-५५ साली शहरात प्लेग आला आणि त्यांच्या शाळेतली कितीतरी मुले त्यात गेली. विद्यापीठात नाव घातले, तर स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा दिला. विद्यार्थ्यांचीही पथके उभी राहिली आणि त्यांत नील्सचेही नाव होते. मृत्यू जवळून पाहिलेला हा तरुण १६६० साली शरीरशास्त्र शिकण्यासाठी हॉलंडला निघाला.

ॲमस्टरडॅमला पोहोचून त्यांना महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांनी मेंढीचे एक मुंडके विकत आणले आणि एकट्यानेच ते चिरायला बसले. चिरता चिरता सळई एका पोकळीत सरकली आणि पलीकडे दातांवर आपटली. गालातील लाळग्रंथीपासून तोंडात उघडणारी ही नळी त्याआधी कोणी ओळखली नव्हती. आजही डॉक्टर मंडळी तिला स्टेन्सनची नळी म्हणतात. ज्या प्राध्यापकांच्या घरी ते राहत होते त्यांनी हा शोध आपला असल्याचा दावा केला आणि मोठा वाद झाला. नील्स बावीस वर्षांचे होते. विद्वानांच्या जगात सगळेच सत्यासाठी धडपडत नसतात हा धडा त्यांना लवकर मिळाला.

पुढची काही वर्षे ते लायडनच्या विद्यापीठात होते. येथेच त्यांनी हृदय हातात घेतले.

त्या काळी लोक हृदयाविषयी काय मानत होते हे आधी पाहू. प्राचीन वैद्य गॅलेन ह्यांच्या मते हृदय हा साधा स्नायू नव्हताच, कारण हातपाय आपल्या इच्छेने हलतात आणि हृदय इच्छेला विचारत नाही. देहातील उष्णतेचे मूळ ते हृदयातच आहे असे मानले जाई. इंग्लंडच्या विल्यम हार्वी ह्यांनी १६२८ साली रक्त देहात गोल फिरते हे सिद्ध केले होते. तरीही देकार्त ह्यांच्यासारख्या थोर तत्त्वज्ञाने हृदय म्हणजे एक भट्टी आहे, तिच्या उष्णतेने रक्त फुगते आणि बाहेर पडते, असे लिहून ठेवले. तरुण पिढी देकार्तच्या पुस्तकांनी भारावलेली होती. नील्ससुद्धा.

नील्सनी काय केले? बैलाचे हृदय पाण्यात उकडले. आपल्या स्वयंपाकघरात मटण शिजले की त्याचे धागे सुटे होतात, तसेच झाले. त्यांनी एकेक धागा सोडवत नेला. ते धागे वरून खाली टोकाकडे जातात, तेथे भोवऱ्यासारखे वळतात आणि पुन्हा वर येतात. मग त्यांनी सशाच्या पायाचा स्नायू शेजारी ठेवून तुलना केली. जे पायात, तेच हृदयात. तंतू, रोहिणी, नीला, मज्जातंतू, वरचे पातळ आवरण, सारे तेच. १६६४ साली त्यांनी छापून जाहीर केले की स्नायूत जे असते ते सर्व हृदयात आहे, आणि स्नायूत जे नसते असे काहीही हृदयात नाही. ना भट्टी, ना आत्म्याचे सिंहासन.

ह्या यादीतील एका शब्दाकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते : रोहिणी. हृदयाला स्वतःच्या रोहिणी कशाला हव्यात? त्याच्या कप्प्यांतून तर अष्टौप्रहर रक्त वाहत असते. पण भिंती इतक्या जाड की आतून वाहणारे रक्त त्यांच्या पोटात मुरत नाही. पाणी टाकीत असते म्हणून टाकीच्या भिंतीला लावलेले रोपटे जगत नाही. म्हणून महारोहिणी हृदयातून बाहेर पडते न पडते तोच तिला दोन फांद्या फुटतात, एक उजवी व एक डावी. देहाला रक्त वाटण्याची सुरुवात होते ती हृदयापासूनच. ह्या फांद्या हृदयाच्या माथ्याला वेढून बसतात, म्हणून जुन्या वैद्यांनी त्यांना मुकुटाचे नाव दिले. कॉरोनरी हा शब्द त्यावरूनच आला. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीत हृदयाभोवती काट्यांचे वेटोळे असते. चित्रकारांनी ते शरीरशास्त्र पाहून काढले नाही, पण मला दोन्ही एकदम आठवतात.

ह्या मोठ्या फांद्या तीन-चार मिलीमीटर रुंदीच्या. त्यांना फाटे फुटत फुटत त्या भिंतीच्या आत शिरतात आणि शेवटी केसाहून बारीक होतात, इतक्या की रक्ताच्या तांबड्या पेशींना एकामागोमाग एक, अंग चोरून जावे लागते. साधारण एका स्नायूतंतूमागे अशी एक केशवाहिनी असते. हृदयाचे वजन सुमारे तीनशे ग्रॅम, म्हणजे देहाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास; पण देहात फिरणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाच टक्के ते स्वतःसाठी घेते. दिवसाला एक लाखाच्या घरात ठोके द्यायचे तर तेवढे लागतेच. आणखी एक गोष्ट मला एका डॉक्टरांनी समजावली : हृदय आवळते तेव्हा त्याच्या भिंतीतल्या ह्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या बाजूला, जिथे काम सर्वांत जड, रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात पोहोचते.

हे सगळे नील्सना माहीत नव्हते. सूक्ष्मदर्शक तेव्हा बाल्यावस्थेत होता. पण स्नायूला रक्त लागतेच लागते हे त्यांनी दाखवले. त्या काळी स्नायूची हालचाल म्हणजे मज्जातंतूंतून येणाऱ्या कुठल्याशा सूक्ष्म वायूचे काम असे समजले जाई. नील्सनी प्राण्याच्या धडातून खाली जाणारी मोठी रोहिणी दोरीने बांधली. मज्जातंतू शाबूत होते, तरी मागचे पाय लुळे पडले. गाठ सोडली, रक्त वाहू लागले, पाय पुन्हा हलले. हा प्रयोग १६६७ साली प्रसिद्ध झाला आणि तो अजूनही त्यांच्या नावाने ओळखला जातो. जिवंत कुत्र्यांवर प्रयोग करणे त्यांना मनापासून जड जाई, हे त्यांच्या पत्रावरून कळते. पुढे १६९८ साली शिराक नावाच्या फ्रेंच वैद्याने कुत्र्याच्या हृदयाचीच वाहिनी बांधून पाहिली आणि हृदय थांबले. आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो त्यात घडते ते हेच. फरक एवढाच की दोरीच्या जागी चरबीचा थर आणि रक्ताची गुठळी असते.

येथे माझ्या भगिनींसाठी थोडे थांबतो. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या फांद्या. त्यांच्या पुढच्या बारीक वाहिन्या त्या चित्रात दिसतच नाहीत. मोठ्या फांद्या मोकळ्या असूनही बारीक वाहिन्या नीट उघडत नाहीत म्हणून छाती दुखू शकते, आणि हा त्रास स्त्रियांत अधिक आढळतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे बाई उगाच कुरकुरते, असे घरच्यांनी ठरवून टाकू नये. पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.

आता नील्सकडे वळू. हृदयाच्या ह्या शोधाने त्यांच्या मनात एक वेगळीच उलथापालथ झाली. ज्यांना जग बुद्धीचा शेंदूर फासत होते त्या पंडितांची मते एका उकडलेल्या हृदयाने खोटी ठरवली. जे डोळ्यांना दिसते, हाताला लागते, त्यात जर हे इतके चुकतात, तर देव आणि आत्मा ह्यांविषयी ते छातीठोकपणे बोलतात त्यावर किती विसंबायचे? नील्सचा विवेकबुद्धीवरचा विश्वास उडाला नाही, आपल्याला सर्व कळले आहे अशा ऐटीवरचा उडाला. मी वर्गात देकार्त शिकलो तेव्हा ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सांगायला हवी होती.

आई १६६४ साली वारली. मायदेशात प्राध्यापकाची जागा दुसऱ्याला मिळाली. नील्स पॅरिसला गेले, तेथे मेंदूवर एक गाजलेले व्याख्यान दिले, आणि १६६६ साली इटलीत फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकच्या आश्रयाला आले. त्याच वर्षी लिव्होर्नो बंदरात त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली. लोक रस्त्यावर गुडघे टेकत होते. एक तर ही भाकर केवळ भाकर आहे आणि हे सारे वेडे आहेत, नाहीतर हे खरोखरच ख्रिस्ताचे शरीर आहे आणि मग मी गुडघे का टेकत नाही? हा प्रश्न त्यांना सोडेना.

त्याच वर्षी एका प्रचंड शार्क माशाचे डोके त्यांच्याकडे चिरण्यासाठी आले. त्याचे दात पाहून डोंगरात सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड म्हणजे प्राचीन माशांचे दातच आहेत हे त्यांनी ओळखले, आणि १६६९च्या छोट्या ग्रंथात खडकांचे थर कसे साचतात ह्याचे नियम मांडले. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना आपला एक मूळपुरुष मानतात. तो विषय मोठा आहे, येथे सोडून देतो.

फ्लॉरेन्समध्ये औषधांचे दुकान सांभाळणाऱ्या एक धर्मभगिनी होत्या, सिस्टर मारिया फ्लाविया. नील्स तेथे औषधे घ्यायला जात. एवढा सुशील मनुष्य आपल्या ख्रिस्तसभेत नाही ह्याची त्यांना हळहळ वाटे. त्यांनी वाद घातला नाही. प्रार्थना करायला सांगितली, दूताच्या वंदनेची आठवण दिली, शुक्रवारी मांस सोडायला लावले. नील्स वर्षभर ग्रंथ चाळत राहिले, मूळ ग्रीक आणि हिब्रू वचने तपासत राहिले, जणू तेही धागे सोडवत होते. अखेर २ नोव्हेंबर १६६७, मृतांच्या दिवशी, त्यांचा निर्णय झाला आणि ते कॅथोलिक झाले.

ह्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १६७२ साली डेन्मार्कच्या राजाने त्यांना सन्मानाने बोलावले, पण कॅथोलिक म्हणून विद्यापीठाची प्राध्यापकी देता येत नव्हती. राजाचे शरीरशास्त्रज्ञ एवढेच पद मिळाले. १६७३ साली भरगच्च सभागृहापुढे त्यांनी उद्‌घाटनाचे व्याख्यान दिले, तेव्हा देहाच्या सौंदर्यातून निर्मात्याकडे जावे असाच त्याचा रोख होता. दोन वर्षांत ते परतले. १६७५च्या ईस्टरच्या सुमारास त्यांनी गुरुदीक्षा घेतली. गंमत पाहा, त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरीला प्रभूने आपले पवित्र हृदय दाखवले. हृदयात स्नायूखेरीज काही नाही म्हणणारा माणूस वेदीपुढे उभा राहतो आणि त्याच वर्षी ही भक्ती जगापुढे येते. मला ह्यात विरोध दिसत नाही. शब्द देही झाला तेव्हा त्याने जे हृदय घेतले तेही स्नायूचेच होते, त्यालाही ह्याच बारीक वाहिन्या रक्त पुरवत होत्या. तसे नसते तर भाल्याला अर्थ उरला नसता.

१६७७ साली पोप इनोसंट अकरावे ह्यांनी त्यांना उत्तर युरोपातील मिशनचे प्रमुख नेमले. संत ग्रेगोरिओ बार्बारिगो ह्यांच्या हस्ते रोममध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्याच सप्टेंबर महिन्यातली एक गोष्ट मी लपवणार नाही. लायडनच्या दिवसांत तत्त्वज्ञ स्पिनोझा त्यांच्या परिचयाचे होते. स्पिनोझा वारले त्याच वर्षी त्यांच्या मुख्य ग्रंथाचे हस्तलिखित नील्सच्या हाती आले, आणि त्यांनी ते धोकादायक म्हणून रोमच्या धर्मन्यायालयाकडे सोपवले. ग्रंथावर बंदी आली. ते हस्तलिखित २०१० साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयात मिळाले. त्या ग्रंथाची आज उरलेली तेवढी एकच हस्तलिखित प्रत आहे. नील्सनी आत्म्यांच्या काळजीपोटीच हे केले ह्यात मला शंका नाही. तरी ते वाचून मी अस्वस्थ झालो. धन्यवादित माणसेही आपल्या काळाची असतात.

हॅनोव्हरला ते तेथील ड्यूकच्या दरबारी राहिले. तत्त्वज्ञ लाइब्निझ तेव्हा तेथेच ग्रंथपाल होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ सामान्य ईशज्ञानी होऊन बसला ह्याची त्यांना खंत होती. मग म्युन्स्टर येथे सहायक बिशप म्हणून ते खेडोपाडी फिरले. बिशपपदाची अंगठी व क्रूस त्यांनी गरिबांसाठी विकले. १६८३ साली म्युन्स्टरच्या नव्या बिशपची निवड होती. पैसा वाटला जात होता, मते विकत घेतली जात होती. नील्सनी निषेध केला, आणि निवडीच्या वेळी शहर सोडून गेले. त्यानंतर त्यांना हॅम्बुर्ग आणि शेवटी श्वेरीन येथे मूठभर कॅथोलिकांमध्ये साध्या धर्मगुरूसारखे दिवस काढावे लागले.

ते आठवड्यातले कित्येक दिवस उपास करीत, जुना झगा घालून हिंडत. अंगात मांस उरले नव्हते. रक्त तुटले की स्नायू लुळा पडतो हे जगाला दाखवणाऱ्या माणसाने स्वतःच्या देहाला इतके उपाशी ठेवावे, हे मला कधी पटत नाही. त्यांच्या मित्रांनाही काळजी वाटे. मी स्वतः आता त्यांच्या त्या वयाच्या जवळ आलो आहे, म्हणून असेल.

१६८६च्या शेवटी पोटात असह्य कळा सुरू झाल्या. पित्ताचे खडे असावेत असे मानतात. शरीरशास्त्रज्ञाला आपले काय होते आहे ते कळत होते. जवळपास कॅथोलिक धर्मगुरू नव्हता. ल्युबेकहून एका येशूसंघीय धर्मगुरूंना बोलावणे गेले, पण ते वेळेत पोहोचले नाहीत. ज्यांनी कित्येकांना अंतिम अभ्यंग दिला असेल ते बिशप अभ्यंगाविना, भोवतीच्या चार माणसांनी वाचलेल्या प्रार्थना ऐकत, ५ डिसेंबर रोजी प्रभूकडे गेले. वय अठ्ठेचाळीस. मागे उरले ते थोडे जीर्ण कपडे.

ग्रँड ड्यूकने त्यांचा देह फ्लॉरेन्सला आणवला. तो तेथे सॅन लॉरेन्झोच्या महामंदिरात आहे. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या कबरीवर लोक विनंतीच्या चिठ्ठ्या ठेवून जातात, त्यांत विद्यार्थ्यांच्या आणि आजाऱ्यांच्याही असतात.

त्यांच्या सणाच्या दिवशी सायंकाळची मिस्सा आपल्या धर्मग्रामातील हृदयरुग्णांसाठी अर्पण करण्यात येईल. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी ती आदल्या दिवसापर्यंत कार्यालयात लिहून द्यावीत. ज्यांना मंदिराच्या पायऱ्या चढणे जमत नाही त्यांनी कळवावे, मी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येईन. छातीत दुखत असेल तर मात्र फादरांची वाट पाहू नये, आधी इस्पितळ गाठावे. फादर तेथे येतील.

आपला,
धर्मगुरू